गजकचे दहा दिवस

अरुंधती पानसे यांनी एकतीस वर्षं इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे बसायला. लोकांना वाटायचं, बाई खो-खो शिकवतात म्हणजे पळायला शिकवत असतील. पळायला काय शिकवायचं? मिलच्या चाळींतल्या त्या मुली, नळाला पाणी आलं की तशाही पळायच्याच. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघात नऊ जणी असतात आणि त्यातल्या आठ जणी कुठल्याही क्षणी चौकोनात उकिडव्या बसलेल्या असतात. पाठीमागून ‘खो’ मिळेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. शेजारून सगळा खेळ धावत चाललाय, बघणारे ओरडतायत, आणि आपण बसून आहोत, हे जिला जमलं ती खेळाडू. बाकीच्या नुसत्या पळणाऱ्या.

हे सांगणाऱ्या अरुंधतीबाईंना स्वतःला मात्र एका जागी बसता यायचं नाही. वडील मिलमध्ये कारकून, घरात पहिली पदवी हिची, पहिली नोकरी हिची, जिल्ह्याच्या संघाची कप्तानीही हिचीच. बसायला वेळ मिळालाच कधी? सहासष्टाव्या वर्षीही स्नेहलतागंजातल्या तळमजल्याच्या घरात भाजी निवडणं, फोनवर बोलणं आणि नवऱ्याला टाकून बोलणं ही तिन्ही कामं त्या उभ्यानं एकदम करायच्या. चालायच्या भराभर. पळायच्या मात्र नाहीत. तेवीस वर्षं झाली, पोटावर रुंद पट्टा बांधून वावरतात. हा पट्टा कसा आला ते पुढे येईलच, कारण गोष्ट कुत्रीची असली तरी त्या पट्ट्याशिवाय ती सांगता येत नाही.

कुत्री म्हणजे गजक. गल्लीतलीच. मागच्या मे महिन्यात शेजारच्या सरोजिनीवहिनींच्या गाडीखाली चार पिल्लं झाली. तीन लोकांनी उचलून नेली, ही राहिली. रंग गजकचा, म्हणजे थंडीत खायच्या त्या खुसखुशीत तिळाच्या वडीचा, म्हणून गजक. आठ महिन्यांची झाली तेव्हा अरुंधतीबाईंनी जाहीर केलं की हिचं ऑपरेशन करून घ्यायचं.

“बिचारीला एकदा तरी आई होऊ द्यावं,” श्रीकृष्णराव म्हणाले. हे त्यांचे यजमान. बँकेतून निवृत्त, स्वभाव साखरेचा, कुणालाही नाही म्हणणं जिभेला येतच नाही.

“सहा पिल्लं झाली तर सांभाळणार कोण?”

“अपन सांभाळू की.”

“तुम्ही एका शंतनुला सांभाळताना त्याला बँकेत विसरून घरी आला होतात.”

त्यांचा मुलगा शंतनु आता पुण्यात स्वतः बाप झाला, तरी हे उत्तर अजून चालतं. जानेवारीतल्या एका सोमवारी गजक रिक्षात बसून दवाखान्यात गेली आणि दुपारी पोटावर सहा टाके, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा आणि डोळ्यांत झोप घेऊन बाहेर आली.

डॉक्टर मधुरिमा ही अरुंधतीबाईंच्याच संघातली, सातव्या चौकोनात बसणारी. बाईंनी तिला मैदानाचे इतके फेरे मारायला लावले होते की ती अजून त्यांच्यासमोर खुर्चीत टेकत नसे. त्या दिवशी मात्र टेकली.

“मॅडम, आज मी बोलते, तुम्ही ऐका. दहा दिवस. पळणं नाही, उडी नाही, जिना नाही, आंघोळ नाही. भोंगा काढायचा नाही, ती कितीही केविलवाणी बघू दे. बाहेर न्यायचं ते दोरीवर, शू-शीपुरतं. सकाळ-संध्याकाळ टाके बघायचे. लाल झालं, सुजलं, पाणी आलं तर लगेच फोन. अकराव्या दिवशी टाके काढू.”

“आणि औषध?”

“खाणं झाल्यावर. आणि मॅडम, औषध सोपं आहे. शांत ठेवणं कठीण आहे. दोन दिवस ती झोपेल. तिसऱ्या दिवशी तिला वाटेल, अपन तर एकदम बरे झालो. खरी परीक्षा तिथून.”

अरुंधतीबाई हसल्या. बसायला शिकवायचं त्यांना कोण सांगतंय, तर सातव्या चौकोनातली पोरगी.

दोन दिवस खरंच सोपे गेले. गजक भोंग्यात तोंड ठेवून घोरत होती. रोज साडेसातला गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत येते, तेव्हा खिडकीत दोन पायांवर उभं राहून त्या गाण्यात आपला सूर मिसळणं हे तिचं रोजचं काम. दोन दिवस तेही नाही. घर कसं शांत. श्रीकृष्णराव मंगळवारी सकाळी फिरायला गेले, फिरून झाल्यावर मंडळी नेहमीच्या ठेल्यावर पोहे खायला थांबली, आणि तिथे त्यांनी सांगितलं की घरी ऑपरेशन झालंय. गजकचं. पोटाचं. सहा टाके.

झालं.

इंदूरच्या मराठी माणसाला एखाद्याच्या लग्नाचं आमंत्रण नसलं तर तो जाणार नाही, रागावून घरी बसेल. पण ऑपरेशन झालंय म्हटल्यावर त्याला आमंत्रण लागत नाही. तब्येत बघायला जायचंच. एकट्यानं नाही, घरातल्या दोघा-चौघांना घेऊन. हातात मोसंबी. पेशंटच्या उशाशी बसायचं, आपल्या ओळखीतल्या कुणाचं हेच ऑपरेशन कसं बिघडलं ते सविस्तर सांगायचं, चहा घ्यायचा, आग्रह झाला तर पोहेही घ्यायचे, आणि उठताना म्हणायचं, आराम करा. पेशंट कुत्री आहे एवढ्यासाठी ही रीत मोडायची, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता घंटी वाजली. फिरायच्या मंडळातले यशवर्धन आणि आणखी तिघं, पिशवीभर मोसंबी घेऊन. त्यांच्या मागोमाग सरोजिनीवहिनी, हातात डबा.

“डिंकाचे लाडू आहेत,” वहिनी म्हणाल्या. “पोटाचं ऑपरेशन, बाईची जात. आत्ताच कंबर धरली नाही तर पुढे त्रास होतो.”

“या, या,” श्रीकृष्णराव म्हणाले. “अरु, चहा ठेव गं.”

आणि अरुंधतीबाई उठल्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांना बसायला शिकवणाऱ्या बाई, चहा ठेव म्हटल्याबरोबर उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेरून हसणं ऐकू येत होतं. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग यशवर्धनचं “अरे भिया, पकडो उसको.”

तिसरा दिवस होता. गजकला वाटलं होतं, अपन तर बरे झालो. पाच माणसं एकदम घरात आल्यावर तिनं दिवाणावरून उडी मारली, यशवर्धनच्या अंगावर चढली, भोंगा टीपॉयला अडकला, डबा उलटला, लाडू घरभर झाले. एक तिच्या तोंडातही गेला असता, पण भोंग्यामुळे घरंगळला. अरुंधतीबाईंनी गाळण्यासकट बाहेर येऊन तिला खाली बसवलं आणि पोट बघितलं. खालचा टाका ताणला गेला होता. त्याच्याभोवती लाल, आणि पाण्यासारखं गुलाबी काहीतरी पाझरत होतं.

गॅसवर चहा उतू गेला. तो वास त्यांनीच सगळ्यांत आधी ओळखला.

दवाखान्यात मधुरिमानं बराच वेळ बोटांनी चाचपून बघितलं.

“आतले टाके धरून आहेत. वरचा ताणलाय. अजून एकदा असं झालं आणि आतला सुटला, तर परत भूल, परत टेबल. मग दहा दिवस नाही मॅडम, महिना. आणि पोटाची भिंत एकदा उसवली की ती पहिल्यासारखी होईलच असं मी सांगू शकत नाही.”

“माहीत आहे मला,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

“लाडवात मनुका होत्या का?”

“वहिनी घालतात.”

“एकही देऊ नका. कुत्र्याच्या किडनीला मनुका वाईट. आणि मॅडम, रागावू नका, पण गजक नंतर शांत होईल. आधी घरातली माणसं शांत करा.”

घरी आल्यावर अरुंधतीबाईंनी आतल्या खोलीत जमिनीवर सतरंजी घातली, गजकला तिच्यावर झोपवलं आणि पट्ट्यावर हात धरत स्वतः शेजारी बसल्या. श्रीकृष्णराव दारात उभे राहिले. लाडू गोळा करून त्यांचे हात चिकट झाले होते.

“माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतं?” बाईंनी विचारलं.

“आठवतं ना. दवाखाना एकदम साफ होता.”

“नवव्या दिवशी काय झालं?”

ते आठवायला लागले. आठवेना. तेव्हा बाईंनीच सांगितलं, आवाज न चढवता, कारण शेजारी गजक झोपली होती. नवव्या दिवशी श्रीकृष्णरावांची थोरली बहीण, गंगूअक्का, छत्रीबागेतून नऊ माणसं घेऊन तब्येत बघायला आली. डॉक्टरांनी सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नऊ माणसं बैठकीत बसली. श्रीकृष्णराव त्यांना दवाखान्याचं कौतुक सांगत बसले. आणि तिथूनच त्यांनी हाक दिली: अरु, चहा ठेव गं. त्या उठल्या. चहा झाला. अक्का म्हणाल्या, पोरं भुकेली आहेत. पोहे झाले, अकरा जणांचे. मोठी कढई ओट्यावरून उतरवताना पोटात आत कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं झालं, दुखलंही नाही फारसं. महिन्याभरानं फुगवटा दिसला. हर्निया. दुसरं ऑपरेशन. तेव्हापासून पट्टा. त्रेचाळिसाव्या वर्षी कप्तानबाई मैदानाच्या कडेला आल्या त्या निवृत्तीपर्यंत कडेलाच राहिल्या.

“तू तेव्हा बोलली नाहीस,” श्रीकृष्णराव म्हणाले.

“आज बोलले. ही पळणार आहे. मी पळाले नाही, ही पळणार. दहा दिवस या घरात कुणी येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना जाग आली ती कुर्र-कुर्र आवाजानं. यजमान स्टुलावर चढून दाराची घंटी पेचकसानं स्क्रू सोडवून काढत होते. जन्मात त्यांनी भिंतीला खिळाही ठोकला नव्हता. घंटीबरोबर थोडं प्लास्टरही आलं.

गेटवर पाटी लागली. मजकूर बाईंचा, अक्षर यजमानांचं, वर मराठीत आणि खाली हिंदीत: ‘पेशंट आराम करत आहे. आत येऊ नये. आवाज देऊ नये. चौकशी फोनवर.’ लोक कसले हुशार. गेटला टेकून तिथूनच फोन करायचे.

“ताई, पाटी वाचली,” यशवर्धन म्हणाले. “बरोबर आहे तुमचं. मग येऊ ना आत?”

“नाही.”

“फक्त दोन मिनिटं. मोसंबी ठेवून जातो.”

“कुत्री मोसंबी खात नाही.”

“मग तुम्ही खा. ताकद येईल.”

चौथ्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू झाली. बाईंनी ती शाळेतल्यासारखीच चालवली. नव्या मुलींना त्या पहिले पंधरा दिवस पळूच द्यायच्या नाहीत. चौकोनात बसवायच्या आणि स्वतः त्यांच्या मागून फिरायच्या. टाळी वाजवायच्या, चेंडू टाकायच्या, मुद्दाम दुसऱ्याच मुलीचं नाव घ्यायच्या. जी हलली तिला शिक्षा नाही. जी हलली नाही तिच्या तळहातावर चार शेंगदाणे. बोलायचं काही नाही. दोन दिवसांत मुलींना कळायचं की या बाईंकडे पळण्याला भाव नाही, बसण्याला आहे.

गजकला शेंगदाण्याऐवजी पनीरचा कण. ती सतरंजीवर हनुवटी टेकायची, भोंगा जमिनीला टक् करून लागायचा, की पुढ्यात एक कण. उठली तर काही नाही, ओरडा नाही, लाड नाही. आधी घर शांत असताना. मग बाईंनी मुद्दाम वाटी पाडली. मग श्रीकृष्णरावांना बाहेरचं दार उघड-बंद करायला लावलं, वीस वेळा.

“अजून किती?” ते म्हणाले.

“तुम्ही प्रत्येक वेळी तिला ‘आलो हं’ म्हणताय. म्हणू नका.”

जेवण ताटलीत द्यायचं बंद. जुन्या टॉवेलच्या घड्यांत पोळीचे तुकडे आणि उकडलेला भोपळा लपवायचा. हुंगून हुंगून ती अर्धा तास एका जागी काढायची आणि थकून झोपायची. डोकं दमलं की पाय दमल्यासारखंच असतं, हे बाईंना मैदानावर फार आधी कळलं होतं. दिवसातून चार वेळा दोरी लावून अंगणात, पेरूच्या झाडापर्यंत आणि परत. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून टाक्यांची पाहणी. लालसरपणा शुक्रवारी तेवढाच होता, शनिवारी कमी.

आणि साडेसातची कचरागाडी. गुरुवारी गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं तशी गजक ताठ झाली, उठली, दोरीनं अडली. शुक्रवारी उठली, पण परत बसली आणि बसून रडली. शनिवारी नुसती रडली. बाई शेजारी मांडी घालून, पाठ भिंतीला टेकून. शुक्रवारी कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन तास एका जागी आहोत, आणि पाय वळवळत नाहीयेत. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. श्रीकृष्णराव खिचडी करत होते. बाईंनी उठून बघितलं नाही.

रविवार, सातवा दिवस. सकाळी अकराला गेटच्या कडीवर काठी आपटल्याचा आवाज आला. अशी काठी सगळ्या इंदुरात एकच बाई आपटते. गजकचे कान भोंग्याच्या कडेवर उभे राहिले.

श्रीकृष्णराव आत आले. चेहरा पांढरा.

“अक्का आली आहे. सात जणं आहेत. मोठी गाडी करून आलेत.”

गंगूबाई म्हणजे अक्का, वय एकोणऐंशी. आईमागे धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात श्रीकृष्णरावांनी तिला कधी पाणी गार आहे की कोमट एवढंही उलटून सांगितलं नव्हतं.

“तू जाऊन सांग ना,” ते म्हणाले.

“मी उठले तर ही उठेल.”

बाईंचा हात गजकच्या पाठीवर होता. हाताखाली सगळं अंग तारेसारखं ताणलेलं. यजमान दारात उभे राहिले, एकदा सतरंजीकडे बघितलं, एकदा बाईंच्या पट्ट्याकडे, आणि गेले. खोलीतून पुढचं सगळं ऐकू येत होतं.

“अक्का, आत नाही येता येणार.”

“काय?”

“पेशंट आराम करतोय. पाटी लावली आहे.”

“मला दिसत नाही पाटी. मोतीबिंदू आहे मला. बाजूला हो, श्री.”

“नाही, अक्का.”

कुठेतरी एका गाडीचं दार बंद झालं. मग श्रीकृष्णरावांचाच आवाज, जरा फाटलेला: “बाहेर ओट्यावर ऊन छान आहे. खुर्च्या आणतो. चहा मी करतो.”

“तू?”

“हो. मी.”

स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. साखरेचा डबा सापडत नव्हता, ते नुसत्या आवाजावरून कळत होतं. डावीकडे, वरच्या फळीवर. बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंड मिटून घेतलं. पायांना सवय होती उठायची, पाय उठायलाच बघत होते. त्या बसून राहिल्या. गजकनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बघून झाल्यावर हनुवटी खाली ठेवली. भोंगा टक् करून वाजला. बाईंनी पुढ्यात पनीरचा कण ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

थोड्या वेळानं खोलीच्या खिडकीवर सावली आली. अक्का बोळातून वळसा घालून तिथे पोचल्या होत्या, एका हातात काठी, एकात कप. गजाला नाक लावून आत बघत होत्या.

“अरुंधती, मला दारातून परत लावतेस?”

“वन्सं, हळू बोला.”

“कुत्रीसाठी?” अक्का म्हणाल्या, पण हळू म्हणाल्या.

“हो.”

“आमच्यात असं कधी झालं नाही.”

“माहीत आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही नऊ जणं आलात. मी पोहे केले होते.”

अक्कांनी चहाचा घोट घेतला. आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. “मीठ जास्त होतं त्यात.”

“नीट उभं राहवत नव्हतं मला.”

कप गजाच्या चौकटीवर ठेवला गेला. अक्कांनी अरुंधतीबाईंच्या पोटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. हा पट्टा त्या तेवीस वर्षं बघत आल्या होत्या.

“त्याच्यानंतरच ना तुझं दुसरं ऑपरेशन झालं?”

“महिन्यानं.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस? तोंड तर तुला चांगलं आहे.”

“तेव्हा तुम्ही वन्सं होतात.”

“आणि आता?”

“आताही आहात. पण आता मी म्हातारी झाले.”

अक्का हसल्या, दात नसलेलं, आवाज न करता. मग सतरंजीवरच्या जनावराकडे बघितलं. गजक त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघत होती, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, बाकी अंग जागच्या जागी.

“गुणाची आहे,” अक्का म्हणाल्या. “चहात साखर नाही. श्रीला सांगू नकोस, रडेल.” जायला वळल्या, परत वळल्या. “पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं आहे. डॉक्टर म्हणाला, वाकायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही, गर्दी नको. गर्दी नको म्हणे. अख्खी छत्रीबाग येईल माझ्या उशाशी, आणि सुनेला मी चहा करायला लावीन, माझा स्वभावच आहे तो. तू ये. दारात बस.”

“येईन.”

“हिला पण आण. हिला बघून लोक जरा भितील.”

सात माणसं उन्हात बिनसाखरेचा चहा पिऊन, मोसंबी ओट्यावर ठेवून गेली. श्रीकृष्णराव आत आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. कपाळावर घाम होता, जानेवारीत.

“जमलं,” ते म्हणाले.

“साखर वरच्या फळीवर आहे,” बाई म्हणाल्या.

सोमवारी कचरागाडी आली, गाणं दारासमोर थांबलं, लोकांनी डबे रिकामे केले, गाणं पुढे गेलं. गजकनं एक कान हलवला. मंगळवारी तोही नाही. बुधवार दहावा. गुरुवारी दवाखान्यात टेबलावर ती न धरता उताणी पडून राहिली आणि मधुरिमानं सहाही टाके काढले. जखमेच्या जागी पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक रेघ, कोरडी ठणठणीत. मधुरिमा बोट फिरवून बघत राहिली, परत फिरवलं.

“मॅडम, इतकी सुरेख भरलेली जखम मी या सीझनला बघितली नाही. काय केलंत?”

“बसायला शिकवलं. तुला शिकवलं होतं तसंच.”

“मला शिकायला दोन वर्षं लागली होती.”

“तू बोलायचीस फार.”

अजून तीन दिवस दोरीवर ठेवा, रविवारी सोडा, असं ठरलं. रविवारी सकाळी चिमणबागेच्या मैदानावरचं धुकं अजून विरलं नव्हतं. कडेला फिरायचं मंडळ उभं होतं, कारण श्रीकृष्णरावांनी पोह्याच्या ठेल्यावर हेही सांगितलं होतं. या वेळी बाईंना विचारून. अरुंधतीबाईंनी गजकला बसवलं. दोरीची कडी सोडली. गजक बसूनच. समोर एक टिटवी चालत गेली, यशवर्धन शिंकले, सरोजिनीवहिनींच्या हातातला डबा वाजला. ती बसून. बाई तिच्या मागे गेल्या, पट्ट्यावर हात धरून वाकल्या, पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “खो.”

पुढचं कुणाला धड दिसलंच नाही. गजकच्या रंगाची एक रेघ मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेली, जाळीपाशी धूळ उडवून वळली आणि परत आली, आणि परत गेली. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरुंधतीबाई मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या, बऱ्याच वर्षांनी कडेला नव्हे. तिसऱ्या फेरीला कुत्री त्यांच्याजवळून गेली तेव्हा त्या तिच्याबरोबर चार पावलं गेल्या, त्यातली दोन तरी पळण्यातच मोजावी लागतील. श्रीकृष्णरावांनी ती बघितली आणि कधी नव्हे ते गप्प राहिले.

फेब्रुवारीत छत्रीबागेत गंगूअक्कांच्या दारात एक खुर्ची मांडलेली होती. खुर्चीत अरुंधतीबाई, मागे तीच पाटी, ओट्यावर स्टोव्ह आणि त्याच्यापाशी श्रीकृष्णराव, साखरेचा डबा मांडीशी घेऊन. आत अक्का डोळ्याला हिरवी पट्टी बांधून उताण्या, आणि सून चक्क दुपारची झोपलेली. पहिल्याच दिवशी अकरा माणसं आली. अकरांनी ओट्यावर चहा घेतला आणि अकरा परत गेली. बारावे एक लांबचे भाचेजावई होते, ते पाटी ओलांडून पायरी चढले.

“दोन मिनिटं फक्त. अक्का मला ओळखतात.”

“बऱ्या झाल्यावरही ओळखतील,” बाई म्हणाल्या.

“ही चावते का?” त्यांनी खाली बघून विचारलं.

उंबऱ्यावर गजक आडवी पसरली होती. तिनं त्यांच्या बुटांकडे बघितलं, हातातल्या मोसंब्यांकडे बघितलं, आणि हनुवटी परत पायांवर ठेवली.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण ती उठणारही नाही.”